लोंकर सुटते कशी आणि कातडें टिकतें कां

मेंढ्या बाळगणारे आमचे कांहीं वाचक एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारीत असतात. दख्खनी मेंढीची लोंकर जाडीभरडी. पुष्कळ ठिकाणीं तिला कातरणीची मजुरीही भरून निघेल इतका भाव मिळत नाहीं. कातडेंही खाटकाकडून व्यापाऱ्याकडे हलक्या दरानें जातें. तेव्हां कातड्यावरील लोंकर उतरविण्याचें काम गांवींच सुरू करून दोन्ही जिन्नस वेगवेगळे विकले, तर चार पैसे अधिक मिळणार नाहींत काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर होय किंवा नाहीं अशा एका शब्दांत देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ह्या कामाचे टप्पे अनेक आहेत. त्यांपैकीं कोणता आपल्या दारांत करावा व कोणता करूं नये, हें त्यामागील रसायन समजल्याखेरीज ठरवितां येत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्हीं प्रथम लोंकर व कातडें हीं कशाचीं बनलेलीं आहेत तें सांगून, मग व्यवहाराकडे वळण्याचें योजिलें आहे.

दोन भिन्न प्रथिनें

ताज्या कातड्याचें वजन शंभर भाग धरलें, तर स्थूलमानानें त्यांतील ६० ते ६५ भाग पाणी व सुमारें ३० ते ३३ भाग प्रथिनें असतात. उरलेल्या भागांत मुख्यतः चरबी असते, आणि ती मेंढीच्या कातड्यांत गाईबैलांच्या कातड्यांपेक्षां अधिक. लोंकर तर माती, घाम व मेण धुवून काढलें म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिनच होय. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लें नांवाच्या मण्यांची लांबच लांब माळ. मण्यांच्या जाती सुमारें वीस. पण कोणता मणी किती वेळां व कोणत्या क्रमानें ओंवला आहे, यावर त्या प्रथिनाचा सारा स्वभाव अवलंबून असतो. म्हणूनच एकाच मेंढीच्या अंगावर, एकाच चाऱ्यावर वाढलेलीं हीं दोन प्रथिनें स्वभावानें अगदीं निराळीं निपजतात.

लोंकरीच्या प्रथिनास केराटिन म्हणतात. शिंगें, खूर, नखें, केंस व पिसें हीं त्याच कुळांतील. ह्या कुळाचा विशेष म्हणजे गंधक. शंभर भाग शुद्ध लोंकरींत ३ ते ४ भाग गंधक असतो, आणि तो बहुतेक सर्व सिस्टिन नांवाच्या मण्यांत असतो. सिस्टिन हा जोडमणी आहे: त्याचा एक अर्धा भाग एका माळेंत व दुसरा शेजारच्या माळेंत, आणि दोहोंमध्यें गंधकाच्या दोन अणूंचा सांधा. शिडीच्या दोन उभ्या दांड्यांना पायऱ्या जशा धरून ठेवतात, तशा ह्या सांध्यांनीं लोंकरीच्या माळा एकमेकींस जखडलेल्या असतात. त्यामुळें लोंकर पाण्यांत विरघळत नाहीं, आणि पोटांतील पाचक रसांसही दाद देत नाहीं. अंग चाटणाऱ्या जनावराच्या पोटांत केंसांचे गोळे सांपडतात, त्याचें कारण हेंच.

कातड्याचें मुख्य प्रथिन कोलॅजेन. त्यांतील दर तीन मण्यांपैकीं एक ग्लायसिन हा सर्वांत लहान मणी असतो. त्याच्या जोडीस प्रोलीन व हायड्रॉक्सिप्रोलीन हे मणी पुष्कळ. सिस्टिन मात्र जवळजवळ नाहींच. येथें बळकटी गंधकाच्या सांध्यांनीं येत नाहीं, ती पिळानें येते. तीन माळा एकमेकींभोंवतीं दोरखंडाप्रमाणें वळलेल्या असतात. ही तिपेडी रचना मद्रास विद्यापीठांत जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था ह्या दोन भारतीय शास्त्रज्ञांनीं १९५४ व १९५५ ह्या सालीं मांडली. पीळ शाबूत आहे तोंपर्यंत कातडें मजबूत. उष्णतेनें पीळ सुटला कीं तें आंखडतें, आणि पाण्यांत उकळत ठेवलें कीं त्याचा सरस होतो. सुताराच्या भांड्यांतील सरस म्हणजे पीळ उलगडलेलें कातडेंच होय.

प्रथिनांतील मणी वेगळे करून मोजण्याचें जें साधन आज सर्व जगांत वापरलें जातें, त्याचा उगम लोंकरीच्याच प्रयोगशाळेंत झाला, हेंही येथें सांगण्यासारखें आहे. इंग्लंडांतील लीड्स येथें लोंकरधंद्याच्या संशोधनसंस्थेंत काम करीत असतां आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनीं १९४१ सालीं लोंकरींतील अमिनो आम्लें निवडण्यासाठीं विभाजन-क्रोमॅटोग्राफी ही पद्धती शोधली, आणि तिजबद्दल त्यांस १९५२ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

डोळ्यांनीं पाहण्याजोगा प्रयोग

वरील भेद नुसता वाचून मानावयाचा नाहीं. तो गांवच्या हायस्कुलाच्या प्रयोगशाळेंत, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, अर्ध्या तासांत पाहतां येतो. दोन परीक्षानळ्या घ्याव्यात. एकींत स्वच्छ धुतलेली पांढरी लोंकर चिमूटभर व दुसरींत शुद्ध सरसाचा, म्हणजे जिलेटिनाचा, तितकाच तुकडा टाकावा. दोहोंत कॉस्टिक सोड्याचें पाणी घालून जपून तापवावें. दोन्ही पदार्थ विरघळतील. मग प्रत्येकींत शिशाच्या ॲसिटेटाचे दोन-चार थेंब टाकावे. लोंकरीच्या नळींत पाणी काळेंभोर होईल. सरसाच्या नळींत तसें होणार नाहीं. लोंकरीच्या सिस्टिनांतील गंधक सोड्यानें सुटा झाला व शिशाशीं मिळून त्याचें काळें शिसें-सल्फाइड बनलें. सरसांत असा गंधकच नव्हता. शिशाचा क्षार विषारी आहे व कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. म्हणून हा प्रयोग घरांत करूं नये व मुलांच्या हातीं देऊं नये.

ह्याच प्रयोगाचा एक उपयोग घोंगडी विकत घेणारासही आहे. घोंगडीच्या चार धाग्यांस कॉस्टिक सोड्याच्या शेंकडा ५ च्या पाण्यांत कांहीं मिनिटें उकळी दिली, तर लोंकर विरघळते व सूत मागें राहतें. भेसळ किती, तें लगेच कळतें.

लोंकर सोडविण्याच्या तीन वाटा

आतां मूळ कामाकडे वळूं. लोंकर कातड्यापासून सोडवावयाची म्हणजे केराटिनाचें मूळ सैल करावयाचें आणि कोलॅजेनास धक्का लागूं द्यावयाचा नाहीं. सुदैवानें निसर्गानेंच येथें एक कच्चा दुवा ठेविला आहे. केंसाची जी दांडी बाहेर दिसते ती जून व कडक. पण कातड्याच्या आंत, मुळाशीं, पेशी कोंवळ्या असून तेथील प्रथिनांत गंधकाचे सांधे अद्याप पुरते जुळलेले नसतात. लोंकर सोडविण्याच्या सर्व पद्धती ह्या कोंवळ्या मुळावरच काम करितात.

पहिली वाट चुन्याची. आपल्याकडील ढोर कारागीर पिढ्यान्‌पिढ्या चुन्याच्या कुंडांत कातडीं भिजवून केंस काढीत आले, आणि मग बाभळीची साल, तरवडाची साल किंवा हिरडा वापरून तीं कमावीत आले. चुन्याच्या निवळीची अल्कता पीएच मापानें सुमारें १२.५ भरते. तेवढ्यानें मूळ सैल होतें, कातडें फुगतें व तंतू मोकळे होतात. परंतु नुसत्या चुन्यास दिवसांमागून दिवस लागतात. शिवाय चुन्याचा एक चमत्कारिक गुण आहे: तो जून केंसांतील गंधकाचे कांहीं सांधे बदलून असे नवे सांधे करितो कीं ते पुढें सल्फाइडासही जुमानीत नाहींत. म्हणून चुना आधीं व सल्फाइड मागाहून दिलें तर केंसाची दांडी वांचते. दोन्ही एकदम दिलीं तर दांडीही विरघळते. द्रव्यें तींच, पण क्रम बदलला कीं फळ बदलतें.

दुसरी वाट सोडियम सल्फाइडाची. हें द्रव्य तीव्र अल्कांत गंधकाच्या सांध्यावर नेमका घाव घालतें. कोलॅजेनांत तो सांधाच नसल्यानें तें वांचतें. लोंकरीस किंमत असेल तेथें कारखानदार कातडें ह्या द्रावणांत बुडवीत नाहींत. शंभर भाग पाण्यांत दहा ते वीस भाग सल्फाइड विरघळवून त्यांत चुना कालवितात, आणि तो दाट लेप कातड्याच्या मांसाकडील बाजूस लावितात. मग कातडें मांसाकडील बाजू आंत येईल असें दुमडून कांहीं तास ठेवितात. लेप आंतून मुळापर्यंत पोंचतो व लोंकर हातानें ओढतांच निघते. लेपाचा थेंब लोंकरीस लागला तर तेथील लोंकर विरून जाते. अशा रीतीनें काढलेल्या लोंकरींत चुन्याचा अंश राहतो व रंगाऱ्यास तो त्रास देतो. म्हणून तिला कातरलेल्या लोंकरीइतकी किंमत येत नाहीं.

तिसरी वाट पाचक द्रव्यांची, ज्यांस एन्झाइम म्हणतात. पपईच्या चिकानें मांस लवकर शिजतें, हें आपल्या स्वयंपाकघरांत ठाऊकच आहे. तो चीक म्हणजे प्रथिनें तोडणारें एन्झाइमच होय. कुजण्याची क्रिया करणारे जंतूही अशींच एन्झाइमें सोडतात. मेलेल्या जनावराचे केंस ओढतांच सुटूं लागले, म्हणजे कातडें सडूं लागलें, अशी जी आपली पारख आहे तिचा अर्थ हाच: मुळाजवळचीं कोंवळीं प्रथिनें प्रथम पचून गेलीं. हीच क्रिया आटोक्यांत ठेवून फ्रान्सच्या दक्षिणेंतील माझामे ह्या गांवानें केवढा तरी व्यापार उभा केला. तेथें १८५१ पासून ब्यूनॉस आयरीसहून मेंढ्यांचीं कातडीं येऊं लागलीं. तीं उबदार, दमट, बंद खोल्यांत टांगून ठेवीत, आणि नेमक्या क्षणीं बाहेर काढून लोंकर ओढून घेत. तो क्षण चुकला तर कातडें गेलेंच म्हणावयाचें.

जर्मनींत ऑटो रोम यानें १९०७ च्या सुमारास जनावरांच्या स्वादुपिंडांतून काढलेलीं एन्झाइमें कातडें मऊ करण्याच्या कामीं आणलीं. तत्पूर्वीं त्या कामास कबुतरांची व कुत्र्यांची विष्ठा वापरीत. चेन्नई येथें १९४८ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेंत सल्फाइडावांचून, एन्झाइमानें केंस सोडविण्यावर पुष्कळ काम झालें आहे. सामान्य एन्झाइम शाबूत पिळाच्या कोलॅजेनास सहसा तोडूं शकत नाहीं, हें ह्या वाटेचें मर्म. तरी उष्णता, वेळ व मात्रा यांवर बारीक नजर नसेल, तर कातड्याचा वरचा पापुद्रा खराब होतो. प्रयोगशाळेंत ह्यावर पहारा ठेवण्याची युक्तीही सोपी आहे. हायड्रॉक्सिप्रोलीन हा मणी कोलॅजेनांत विपुल, पण लोंकरींत नसतो. कुंडांतील पाण्यांत तो वाढूं लागला, म्हणजे केंसांबरोबर कातडेंही विरघळत आहे, असें निदान होतें.

शेतकऱ्याच्या हातीं काय आहे

वरील विवेचनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कातड्याची निम्मी किंमत कारखान्याच्या कुंडांत ठरते, पण बाकीची निम्मी पहिल्या कांहीं तासांत, आपल्याच दारांत, ठरून गेलेली असते. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें.

लोंकर जिवंत मेंढीची कातरून घ्यावी. तिला चुना लागत नाहीं, वास लागत नाहीं, आणि कातडेंही हलकें होऊन मीठ कमी लागतें. काळी, पांढरी व डागाळलेली लोंकर निरनिराळी ठेवावी.

कातडें सोलल्यावर उष्ण हवेंत चार ते सहा तासांच्या आंत तें खारवलें पाहिजे. रक्त व मांसाचे तुकडे काढून, मांसाकडील बाजूस सर्वत्र बारीक मीठ चोळावें. मिठाचें प्रमाण कातड्याच्या वजनाच्या शेंकडा ४० ते ५०. म्हणजे दोन किलोच्या कातड्यास सुमारें एक किलो. मीठ पाणी ओढून घेतें व जंतूंची वाढ रोखतें. खारवलेलीं कातडीं सांवलींत, उतरत्या फळीवर रचावीं.

कातडें कडक उन्हांत, तापल्या खडकावर किंवा पत्र्यावर वाळवूं नये. कच्च्या ओल्या कातड्याचा पीळ सुमारें ६० अंश सेल्सियसला सुटतो. तापल्या पत्र्यावर ओलें कातडें जागोजाग सरस बनतें. बाहेरून तें उत्तम वाळलेलें दिसतें. पण कारखान्यांत भिजवून चुन्यांत घातलें कीं तेवढा भाग विरघळून भोंक पडतें. व्यापारी हें जाणून असतो, आणि उन्हांत वाळविलेल्या सर्वच मालाचा भाव पाडतो.

जनावर अकस्मात्‌ मेलें असेल, व नाकातोंडांतून किंवा गुदद्वारांतून काळसर, न गोठणारें रक्त येत असेल, तर तें सोलूं नये, कापूंही नये. तो फाशीचा रोग, म्हणजे ॲन्थ्रॅक्स, असण्याचा संभव असतो. त्याचे बीजाणू लोंकरींत व कातड्यांत वर्षानुवर्षें जिवंत राहतात आणि माणसांस काळपुळी होते. एका कातड्याच्या मोलासाठीं कोणाचाही जीव धोक्यांत घालूं नये, पशुवैद्यास कळवावें.

विकली न जाणारी लोंकर फेंकून देऊं नये. शुद्ध लोंकरींत शेंकडा सुमारें १६ भाग नत्र असतें. तिच्या गंधकाच्या सांध्यांमुळेंच ती जमिनींत सावकाश कुजते व नत्र हळूहळू सोडते. फळझाडांच्या आळ्यांत मातीखालीं पुरलेली टाकाऊ लोंकर ओलही धरून ठेवते.

विहीर आणि जीव

आतां ज्या टप्प्यास आम्ही स्पष्ट नाहीं म्हणतों, त्याकडे येऊं. सल्फाइडाचें काम गांवांत, उघड्या कुंडावर, कोणीही सुरू करूं नये. सल्फाइडाच्या पाण्यांत आम्ल पडलें, किंवा त्याची अल्कता उतरली, कीं हायड्रोजन सल्फाइड वायु निघतो. तो हवेपेक्षां जड असल्यामुळें खड्ड्यांत व टांक्यांत सांचून राहतो. थोडा असतांना त्यास सडक्या अंड्यांचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारें १०० भाग झाले कीं नाक बधिर होतें व वास येईनासा होतो. ५०० ते १,००० भागांच्या दरम्यान माणूस पाहतां पाहतां कोसळतो. पहिला मजूर पडला म्हणून त्यास काढावयास उतरलेला दुसराही तेथेंच पडतो. कारखान्यांच्या टांक्यांत असे मृत्यू अनेकदां झाले आहेत. मरणारा बहुधा रोजंदारीचा माणूस असतो, आणि द्रव्याचें नांवही त्यास कोणी सांगितलेलें नसतें.

दुसरें पाण्याचें. विरघळलेली लोंकर, चुना, सल्फाइड व मीठ हीं सर्व शेवटीं सांडपाण्यांतच जातात. त्यांपैकीं सेंद्रिय मळ शुद्धीकरणानें काढतां येतो, सल्फाइडाचेंही निवारण करितां येतें. परंतु मीठ काढणें फार कठीण व खर्चाचें. आपल्या काळ्या जमिनींत मिठांतील सोडियम शिरलें कीं मातीचे कण सुटे होऊन ती चिकट बनते, तिचा निचरा बंद पडतो, आणि वर पांढरी खार फुटते. तमिळनाडूंतील पालार नदीच्या परिसरांत कातडीं कमावण्याचे शेंकडों कारखाने झाले. त्यांच्या सांडपाण्यासंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें २८ ऑगस्ट १९९६ रोजीं जो निकाल दिला, त्यांत त्या पट्ट्यांतील सुमारें ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः लागवडीस निकामी झाल्याची पाहणी नमूद आहे. कारखान्यांस नफा झाला, देशास परदेशी चलन मिळालें. पण विहिरी शेतकऱ्यांच्या गेल्या.

म्हणून खारवण करितांनाही काळजी घ्यावी. कातड्यांतून निथळणारें खारें पाणी शेतांत किंवा ओढ्यांत सोडूं नये. फरशीच्या उथळ टाकींत धरून उन्हांत आटवावें. विहिरीपासून व गोठ्यापासून ही जागा दूर असावी.

आमचा सल्ला

तेव्हां प्रश्नाचें उत्तर असें: कातरणें, प्रतवारी करणें, नीट सोलणें, वेळेवर खारवणें व सांवलींत सांठविणें हीं कामें गांवीं करावीं, आणि शक्य तर चार गांवांनीं मिळून करावीं, कारण पांच-दहा कातडीं नेणारा व्यापारी भाव ठरवितो, पण एकसारख्या प्रतीचीं शेंकडों कातडीं जेथें आहेत तेथें त्यास बोलावें लागतें. लोंकर सोडविण्याचें व कमावण्याचें काम जेथें जाणते कारागीर, वायु मोजण्याचें साधन व सांडपाण्याची पुरी व्यवस्था आहे अशाच ठिकाणीं होऊं द्यावें. एन्झाइमाची वाट पुढेंमागें लहान प्रमाणावर सुरक्षितपणें वापरतां येण्याइतकी सुलभ झाली, तरी मिठाचा प्रश्न उरेलच, हें विसरूं नये.

लोंकर व कातडें यांतील भेद गंधकाच्या एका सांध्याचा आहे. तो सांधा तोडणारें द्रव्य कारखान्यांत हुशारीनें वापरलें तर दोन जिन्नस देतें; अज्ञानानें दारांत आणलें तर विहीर व माणूस दोन्ही नेतें. आमच्या शेतकरी बंधूंनीं मिठाची गोणी जरूर आणावी. सल्फाइडाचें पिंप मात्र आपल्या बांधाच्या आंत येऊं देऊं नये.